स्वभावोक्ती आणि वनस्पतींचे छायाचित्र

१

इ. स. १९२० ते १९३५ या सुमारे पंधरा वर्षांच्या काळात जर्मनी आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया या परस्परांपासून दूर असलेल्या दोन प्रदेशांत छायाचित्रणाच्या क्षेत्रात एक समान प्रवृत्ती प्रकट झाली. फुले, पाने, देठ, कळ्या, फळे या अतिपरिचित वस्तू छायाचित्रकारांनी अगदी जवळून, केवळ काळ्या-पांढऱ्या छटांत, पार्श्वभूमीचा पसारा दूर सारून आणि रेषेचा काटेकोरपणा न सोडता टिपल्या. कार्ल ब्लोसफेल्ट (१८६५–१९३२) व आल्बर्ट रेंगर-पाट्श (१८९७–१९६६) हे जर्मनीतील, तर इमोजेन कनिंगहॅम (१८८३–१९७६) व एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) हे कॅलिफोर्नियातील या प्रवृत्तीचे प्रमुख प्रतिनिधी होत. १९२९ साली श्टुटगार्ट येथे भरलेल्या 'फिल्म उंड फोटो' या प्रदर्शनात जर्मन आणि अमेरिकन छायाचित्रे एकत्र मांडली गेली, आणि दोन खंडांतील या प्रयत्नांमधील साम्य जाणकारांच्या ध्यानात आले.

या छायाचित्रांविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात दोन मते ठळकपणे आढळतात. पहिल्या मताप्रमाणे या चित्रांचे वैशिष्ट्य त्यांच्या वस्तुनिष्ठतेत आहे. कॅमेरा हे निर्विकार यंत्र असून ते वस्तू जशी आहे तशी दाखविते, आणि या छायाचित्रकारांनी यंत्राच्या या स्वभावाला प्रथमच पुरता वाव दिला, असे हे मत सांगते. दुसऱ्या मताप्रमाणे यांतील वनस्पती ही केवळ निमित्तमात्र आहे; खरा विषय म्हणजे शुद्ध रूप, अर्थात रेषा, वक्रता, छायाप्रकाशाची मांडणी. दोन्ही मतांना आधार आहे. परंतु दोन्ही शेवटपर्यंत ताणली असता एक चमत्कारिक परिणाम होतो. पहिल्या मताने छायाचित्रकार अनावश्यक ठरतो, आणि दुसऱ्या मताने वनस्पती अनावश्यक ठरते. ज्या चित्रापुढे प्रेक्षक खिळून राहतो, त्या चित्रात छायाचित्रकार आणि वनस्पती या दोहोंचीही उपस्थिती त्याला जाणवत असते. तेव्हा या अनुभवाची उपपत्ती लावण्यासाठी वेगळी संकल्पना शोधणे प्राप्त होते. भारतीय साहित्यशास्त्रातील 'स्वभावोक्ती' ही अशी संकल्पना आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

स्वभावोक्ती म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या रूपाचे व क्रियेचे यथातथ्य, पण चमत्कृतिपूर्ण वर्णन. हा अलंकार मानावा की नाही याविषयी प्राचीनांत मोठा वाद झाला. दंडीने अलंकारांच्या निरूपणात त्याला अग्रस्थान दिले आणि जाती, क्रिया, गुण व द्रव्य असे त्याचे चार प्रकार मानले. त्याउलट वक्रोक्तीला काव्याचे मूळ मानणाऱ्या भामहाने त्याचा निर्देश 'काहींच्या मते' असा काहीशा अलिप्तपणे केला. कुंतकाने तर स्पष्टच आक्षेप घेतला. वस्तूचा स्वभाव हे काव्याचे शरीर होय. शरीरालाच अलंकार म्हटले तर तो अलंकार सजविणार कोणाला, असा त्याचा प्रश्न होता. छायाचित्रणाला कला म्हणावे की नाही, हा एकोणिसाव्या शतकात युरोपात गाजलेला प्रश्न आणि कुंतकाचा हा प्रश्न यांचे मूळ एकच आहे. जे समोर आहे तेच दाखविणारी कृती ही कलाकृती कशी होऊ शकते, हे ते मूळ होय.

या वादात सर्वांत मर्मग्राही उत्तर महिमभट्टाने दिले. त्याच्या मते वस्तूचा स्वभाव दोन प्रकारचा असतो : सामान्य आणि विशिष्ट. सामान्य स्वभाव हा शब्दांचा नेहमीचा विषय आहे. 'फूल' म्हटले की फुलांची जात कळते, एखादे फूल डोळ्यांपुढे उभे राहत नाही. विशिष्ट स्वभाव हा प्रत्यक्षाचा विषय असून कवीची प्रतिभा त्याला शब्दांत आणते, आणि तेथेच स्वभावोक्तीचे अलंकारत्व असते. सामान्य स्वभाव केवळ सांगितला तर ते काव्य होत नाही.

आता ही संकल्पना छायाचित्राला लावताना एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयास हवा. शब्दाचा ओढा सामान्याकडे असतो, छायाचित्राचा ओढा विशेषाकडे. 'नेचा' हा शब्द सर्व नेच्यांना लागू पडतो. नेच्याचे छायाचित्र मात्र नेहमी एका नेच्याचेच असते. म्हणून कवीला विशेष प्रयत्नाने मिळवावा लागतो, तर छायाचित्रकाराला तो आयताच हाती येतो. छायाचित्रकाराला जे मिळवावे लागते ते याच्या उलट आहे. त्या एका नेच्यात नेच्याचे नेचेपण, म्हणजे त्याची वाढण्याची, उमलण्याची, वळण्याची रीत, दिसावयास हवी; पण ती दाखविताना तो एक नेचा हरवता कामा नये. यावरून वनस्पतींच्या छायाचित्राला लावण्याजोगी दुहेरी कसोटी निष्पन्न होते. पहिली, वस्तू तीच राहते की नाही. आणि दुसरी, तिच्या वाढीचा नियम तिच्यात वाचता येतो की नाही. येथे संस्कृत साहित्यशास्त्र व युरोपीय छायाचित्रण यांत कोणताही ऐतिहासिक संबंध सुचवावयाचा नाही. संकल्पना उपयोगी पडते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

३

वनस्पती आणि छायाचित्रण यांचा संबंध छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट याने १८३० नंतरच्या दशकात संवेदनशील कागदावर पाने ठेवून सूर्यप्रकाशात त्यांचे ठसे घेतले. ॲना ॲटकिन्स हिने १८४३ पासून ब्रिटिश शैवालांचे निळे ठसे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या ठशांत वस्तूची बाह्यरेखा व पारदर्शकता उतरली. तिची घनता मात्र उतरली नाही. पुढे शतकाच्या अखेरीस छायाचित्राला चित्रकलेच्या पंक्तीत बसविण्याच्या खटपटीत मृदू, धूसर, स्वप्नाळू प्रतिमांची शैली रूढ झाली. तीत फूल आले ते बहुधा स्त्रीच्या हातात, फुलदाणीत किंवा धुक्यात. स्वभाव तेथे नव्हता. होती ती भावनेची सजावट.

आधुनिकांनी या सजावटीचा त्याग केला. त्यांच्या कृतीत चार त्याग स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला रंगाचा. त्या काळातील पुष्कळ काचेच्या प्लेट तांबड्या रंगाला संवेदनशील नव्हत्या. त्यांवर तांबडे फूल काळसर आणि निळे फूल फिकट उमटे. म्हणजे काळे-पांढरे चित्र हे रंगीत वस्तूचे सरळ भाषांतर नव्हतेच. फुलाचे लौकिक आकर्षण ज्या रंगात असते तोच वजा केल्याने डोळा पाकळीच्या जाडीकडे, कडेच्या वळणाकडे, पृष्ठभागावरील लवीकडे वळतो. दुसरा त्याग आकारमानाचा. काही मिलिमीटरांचा कोंब आणि हातभर पान ही पुस्तकाच्या सारख्याच पानावर सारख्याच उंचीची होतात, आणि लहान-मोठे ही नित्याची प्रतवारी लोपते. तिसरा त्याग स्थळाचा. माती, कुंपण, आकाश, शेजारची झाडे यांच्या जागी कोरा राखाडी, पांढरा किंवा काळा पडदा येतो. चौथा त्याग काळाचा. खुडलेले फूल कोमेजत असते. पण छायाचित्रात ते वाढ आणि क्षय यांच्या मधल्या एका क्षणी थांबते.

या चार त्यागांकडे पाहिले म्हणजे 'यंत्र जसे आहे तसे दाखविते' या मताचे अपुरेपण कळून येते. रंग, आकारमान, स्थळ आणि काळ यांपासून अलग केलेली वनस्पती कोणीही बागेत पाहिलेली नसते. या वस्तुनिष्ठतेमागे निवड आहे आणि कष्टही आहेत. जवळून चित्र घेताना भिंगाची स्पष्टतेची खोली फार कमी होते. ती वाढविण्यासाठी भिंगाचे छिद्र अतिशय लहान करावे लागते, त्यामुळे प्रकाश कमी येतो आणि चित्र घेण्यास दीर्घ काळ लागतो. तेवढा वेळ पाकळीने हलता कामा नये. कॅलिफोर्नियातील छायाचित्रकारांनी १९३२ साली स्थापिलेल्या मंडळाने अशाच एका लहान छिद्राच्या मापावरून 'एफ ६४' हे नाव घेतले, यावरून या तांत्रिक शिस्तीला त्यांनी किती महत्त्व दिले होते हे दिसते. वेस्टन व कनिंगहॅम हे दोघेही त्या मंडळात होते.

४

कार्ल ब्लोसफेल्ट हा व्यवसायाने छायाचित्रकार नव्हता. तरुणपणी त्याने ओतीव लोखंडाच्या कलाकुसरीच्या कारखान्यात काम शिकले. पुढे बर्लिनमध्ये शिक्षण झाल्यावर मोरित्स मॉयरर या अध्यापकाच्या हाताखाली इटलीत राहून त्याने वनस्पतींचे नमुने गोळा केले व त्यांच्या प्रतिकृती घडविल्या. मॉयररचा आग्रह असा होता की, अलंकरणाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या नक्षीची नक्कल न करता निसर्गातील वनस्पतींकडून रूप शिकावे. बर्लिनच्या उपयोजित कलेच्या शाळेत ब्लोसफेल्टने सुमारे तीस वर्षे जिवंत वनस्पतींवरून प्रतिकृती घडविण्याचा विषय शिकविला. छायाचित्रे ही त्या अध्यापनाची साधने होती. फूल सुकते, वर्ग मात्र दरवर्षी भरतो; म्हणून साध्या लाकडी कॅमेऱ्याने, काचेच्या प्लेटवर, सारख्या सौम्य प्रकाशात त्याने हजारो प्रतिमा घेतल्या. १९२६ साली कार्ल नीरेनडॉर्फ या चित्रविक्रेत्याने बर्लिनमध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले, आणि १९२८ साली 'उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट', म्हणजे 'कलेची आद्यरूपे', हे १२० चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ब्लोसफेल्टचे वय ६३ होते. एका शिक्षकाची शैक्षणिक सामग्री एकाएकी आधुनिक कलेचा ठेवा ठरली.

या पुस्तकाच्या स्वागतात एक गोष्ट वारंवार आढळते : तुलना. एक्विसेटम या बीजाणूंनी वाढणाऱ्या वनस्पतीचे टोक म्हणजे प्राचीन स्तंभ, नेच्याचा गुंडाळलेला कोंब म्हणजे बिशपचा दंड, चेस्टनट व मेपल यांचे कोंब म्हणजे आदिवासींचे कुलचिन्हस्तंभ, काटेरी टीझल म्हणजे गॉथिक मंदिरातील जाळी. वाल्टर बेन्यामिन याने १९३१ सालच्या आपल्या छायाचित्रणविषयक निबंधात हीच साम्ये नोंदविली आहेत. पुस्तकाचे शीर्षक आणि नीरेनडॉर्फची प्रस्तावना यांनी या तुलनेला प्रोत्साहन दिले, यात शंका नाही. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ही अपह्नुतीकडे झुकणारी दृष्टी आहे. अपह्नुतीत उपमेयाचा निषेध करून उपमानाची स्थापना केली जाते : हा कोंब नव्हे, हा स्तंभ होय.

परंतु पुस्तकातील चित्रांखाली दिलेला मजकूर पाहिला तर वेगळेच दृश्य दिसते. तेथे वनस्पतीचे नाव, दाखविलेला भाग आणि तो किती पट मोठा केला आहे तो आकडा, एवढेच आहे. स्तंभ नाही, दंड नाही, मंदिर नाही. हे शिक्षकाचे लेखन आहे. विद्यार्थ्याला स्तंभ आधीच ठाऊक आहे. त्याला कोंब पाहावयास शिकवावयाचे आहे. उपमा प्रस्तावनाकाराच्या आणि वाचकाच्या बाजूला आहे. चित्र आपल्या बाजूने स्वभावोक्तीच करते. याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. जॉर्ज बाताय याने १९२९ साली 'दोक्युमाँ' या पॅरिसमधील नियतकालिकात फुलांच्या भाषेवर एक निबंध लिहिला, आणि त्यासोबत ब्लोसफेल्टचीच छायाचित्रे छापली. बातायचा रोख आदर्शवादाच्या अगदी विरुद्ध होता. पाकळ्या गळून पडल्यावर उरणारे फुलाचे केसाळ अंतरंग, चिखलात रुतलेली मुळे, काही दिवसांतच येणारी कुजकट अवकळा यांकडे बोट दाखवून त्याने फुलाचे पावित्र्य नाकारले. ज्या प्रतिमांत एकाला मंदिराची जाळी दिसते, त्यांतच दुसऱ्याला देहाची ओंगळ वास्तवता दिसावी, हे त्या प्रतिमा स्वतः कोणतेही उपमान लादत नसल्यामुळेच शक्य होते.

असे असले तरी ब्लोसफेल्टच्या पद्धतीत एक धोका आहे. त्याने नमुने निवडले, नको असलेली पाने व फुटवे छाटले, सममिती उघड व्हावी अशी मांडणी केली आणि निगेटिव्हांवर हात फिरविला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ६१ कार्यफलकांत, म्हणजे पुठ्ठ्यांवर चिकटविलेल्या लहान मुद्रितांच्या समूहांत, ही निवडीची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तेथे एकेका वनस्पतीच्या अनेक प्रतिमा शेजारी-शेजारी येतात, आणि त्यांतून नियम शोधला जातो. याचा अर्थ ब्लोसफेल्टचे लक्ष्य सामान्य स्वभाव हे होते. जेथे छाटणी फार झाली, देठ लोखंडी गजासारखा निर्जीव आणि कळी ठोकळ्यासारखी रेखीव झाली, तेथे वाढीचा नियम दिसतो, पण वाढणारे झाड दिसत नाही. उलट भोपळ्याच्या ताण्यांचे चित्र घ्यावे. प्रत्येक ताणा आधाराच्या शोधात वळला आहे. वळण्याची रीत एकच, पण प्रत्येकाची वेटोळी निराळी. किंवा डेल्फिनियमच्या सुकलेल्या पानाचे चित्र घ्यावे. तेथे सुकण्याच्या क्रियेने पानाला असे काही पीळ दिले आहेत की, कोणत्याही नक्षीकाराला ते आधी सुचले नसते. या चित्रांत सामान्य आणि विशेष एकत्र नांदतात, आणि ब्लोसफेल्टचे सर्वोत्कृष्ट काम येथे आहे.

५

रेंगर-पाट्शची दिशा वेगळी होती. १९२० नंतरच्या वर्षांत त्याने एर्न्स्ट फुर्मान याच्या प्रकाशनसंस्थेसाठी वनस्पतींची छायाचित्रे घेतली. १९२४ साली ऑर्किड व क्रासुला या विषयांवरील पुस्तकांत ती आली. १९२२ सालच्या त्याच्या एकेव्हेरियाच्या चित्रात मांसल पानांचा गुच्छ वरून पाहिलेला आहे. पाने मध्यापासून चक्राकार उलगडतात, प्रत्येक पान खालच्या पानाला काही अंशी झाकते, आणि छायेच्या बारीक पट्टीने ते झाकणे स्पष्ट होते. येथे छाटणी नाही, आणि साम्याचा मोहही नाही. आतली पाने कोवळी, बाहेरची जून, म्हणजे झाडाचे वय त्याच्या मांडणीतच लिहिलेले आहे. पूर्वी उल्लेखिलेल्या दोन्ही कसोट्यांना हे चित्र उतरते.

रेंगर-पाट्शचे नाव मात्र गाजले, आणि वादात सापडले, ते १९२८ सालच्या 'डी वेल्ट इस्ट श्योन', म्हणजे 'जग सुंदर आहे', या शंभर चित्रांच्या पुस्तकामुळे. पुस्तकाचा आरंभ वनस्पतींनी होतो, आणि पुढे प्राणी, भूदृश्ये, वास्तू व यंत्रे येतात. स्वतः छायाचित्रकाराला पुस्तकाचे नाव 'वस्तू' एवढेच हवे होते. प्रचलित शीर्षक प्रकाशकाच्या आग्रहाने आले. या शीर्षकावर बेन्यामिनने १९३१ साली कठोर टीका केली. त्याचा आशय असा की, ही दृष्टी कोणत्याही वस्तूला, अगदी खाद्यपदार्थाच्या डब्यालाही, विश्वाची भव्यता देऊ शकते, पण त्या वस्तूमागील मानवी संबंधांपैकी एकही पकडू शकत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या निबंधात बेन्यामिन 'जग सुंदर आहे' या दृष्टीचा धिक्कार करतो, त्याच निबंधात तो ब्लोसफेल्टची प्रशंसा करतो. कॅमेऱ्याची वर्धनशक्ती डोळ्याच्या अबोध प्रदेशाला प्रकट करते, या त्याच्या सुप्रसिद्ध कल्पनेच्या विवेचनात ब्लोसफेल्टची चित्रे येतात. दोघेही वनस्पती जवळून दाखवितात. दोघांच्याही चित्रांत मानवी संबंध दिसत नाहीत. मग एकाला न्याय आणि दुसऱ्याला शिक्षा का? बेन्यामिनच्या विवेचनात याचे सरळ उत्तर मिळत नाही. स्वभावोक्तीच्या दृष्टीने मात्र ते देता येते. आक्षेपाचे खरे लक्ष्य छायाचित्र नसून वाक्य आहे. 'जग सुंदर आहे' हे विधान वर्णन नव्हे. तो निर्णय आहे, आणि तोही पाहण्यापूर्वीच दिलेला. एकेव्हेरिया, भट्टी आणि डोंगर यांना एकाच निर्णयाखाली आणले की, प्रत्येकाचा स्वभाव गौण होतो. बेरोजगारी आणि राजकीय हिंसाचार यांनी ग्रासलेल्या जर्मनीत या निर्णयाचा बेन्यामिनला उद्वेग वाटला, तो समजण्यासारखा आहे. परंतु 'वस्तू' हे मूळ शीर्षक राहिले असते, तर हीच चित्रे वेगळ्या रीतीने वाचली गेली असती. शीर्षकाचा दोष चित्रांच्या माथी मारणे न्याय्य नाही. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, जेथे यंत्राचे चित्र घेतले जाते तेथे आक्षेपाला बळ आहे. एकेव्हेरियाचा स्वभाव एकेव्हेरियातच आहे. कारखान्याचा स्वभाव मात्र त्यात राबणाऱ्या माणसांपासून वेगळा करता येत नाही. स्वभावोक्तीची मर्यादा येथे आहे, आणि वनस्पतींच्या बाबतीत ती यशस्वी का होते याचे एक कारणही येथेच आहे.

६

इमोजेन कनिंगहॅम हिने वॉशिंग्टन विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केला, आणि शिक्षणाच्या खर्चासाठी वनस्पतिशास्त्र विभागाकरिता छायाचित्रे तयार केली. १९०९ साली ती छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी ड्रेस्डेन येथे गेली. विवाहानंतर तीन लहान मुलांच्या संगोपनामुळे घराबाहेर पडणे कठीण झाले, तेव्हा तिने घरच्या बागेतील वनस्पतींकडे कॅमेरा वळविला. १९२० नंतरच्या दशकातील मॅग्नोलिया, कॅला लिली, घायपात यांची तिची चित्रे या परिस्थितीतून निर्माण झाली. विषयाची निवड येथे सिद्धांताने केलेली नाही, परिस्थितीने केलेली आहे; परंतु जे हाताशी आहे त्याकडे दिवसेंदिवस पाहत राहण्याचा लाभ या परिस्थितीनेच तिला दिला.

१९२५ सालचे 'मॅग्नोलियाचे फूल' हे तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. सोनचाफ्याच्या कुळातील हे मोठे पांढरे फूल चित्राची चौकट भरून टाकते. पाकळ्या जणू चौकटीबाहेर वाढत जातात, आणि त्यांच्या राखाडी-पांढऱ्या छटा इतक्या सावकाश बदलतात की, पाकळीचा जाड, मऊ स्पर्श डोळ्याला कळतो. मध्यभागी शंकूच्या आकाराचा अक्ष आहे. त्याच्यावर वरच्या बाजूस स्त्रीकेसरांची वळलेली टोके आणि खालच्या बाजूस पुंकेसरांची दाटी आहे. मॅग्नोलियाच्या कुळात हे अवयव अक्षाभोवती सर्पिल क्रमाने येतात, आणि चित्रात तो क्रम वाचता येतो. पाकळ्या मृदू व मध्य काटेकोर, या विरोधाने डोळा आपोआप मध्याकडे खेचला जातो. बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची जी मांडणी केली, तिच्या आधारे या चित्राचे विश्लेषण सहज करता येईल. परंतु ते पुरेसे होणार नाही. कारण येथे विरोध केवळ छटांचा नाही. पाकळी हे फुलाचे आवरण आहे आणि मध्य हे त्याचे प्रयोजन. रचनेतील विरोध फुलाच्या जीवनव्यापारातूनच आलेला आहे.

या संदर्भात कान्टच्या एका मताचे स्मरण उद्बोधक ठरते. फूल हे स्वायत्त सौंदर्याचे उदाहरण होय, असे तो मानतो. फूल ही वनस्पतीची प्रजननेंद्रिये आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असते. परंतु सौंदर्याचा निर्णय देताना तोही हे ज्ञान बाजूला ठेवतो, असे त्याचे म्हणणे आहे. कनिंगहॅमचे चित्र या मताची परीक्षा घेते. प्रजननाची इंद्रिये तिने चित्राच्या केंद्रस्थानी ठेवली आहेत, आणि ती ओळखल्याने चित्राचे सौंदर्य उणावत नाही. उलट, ती ओळखणाऱ्याला पाकळ्यांचे मागे सरणे अर्थपूर्ण वाटते. ज्ञान आणि सौंदर्यानुभव यांच्यात अपरिहार्य वैर नाही, हे सिद्धांताने सांगण्याऐवजी हे चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पटवून देते. शास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कलावतीकडून हे घडावे, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

उपमेचा मोह तिलाही सुटला नाही. त्याच मॅग्नोलियाच्या अंतर्भागाच्या एका निकटचित्राला 'रत्नांचा मनोरा' असे नाव आहे. १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात याच नावाचा मनोरा उभारण्यात आला होता. परंतु येथेही उपमान शीर्षकात थांबते. चित्रात पुंकेसर हे पुंकेसरच राहतात.

वेस्टनशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९३० साली वेस्टनने अनेक ढोबळ्या मिरच्यांची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी 'मिरची क्रमांक ३०' या चित्रासाठी त्याने मिरची एका पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, आणि नरसाळ्याच्या आतील बाजूवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने तिच्या वळणांवर एक गूढ तेज आणले. पाहणाऱ्याला तेथे पाठ, खांदे, एकमेकांना बिलगलेली दोन शरीरे दिसतात. मिरची हळूहळू विस्मृत होते. उपमानाने उपमेयाला गिळून टाकावे, अशी ही अवस्था आहे. शास्त्रकारांनी तिला अध्यवसान म्हटले आणि अतिशयोक्तीचे मूळ तिच्यात पाहिले. अतिशयोक्ती हा श्रेष्ठ अलंकार असू शकतो, आणि वेस्टनचे चित्र तसे आहेच. त्यातील कातडीची चकाकी इतकी नेमकी आहे की, विशेषाची कसोटी ते सहज पार करते. परंतु मिरचीच्या वाढीविषयी ते काही सांगत नाही. तिचे वेडेवाकडेपण हे देहाशी साम्य साधण्याचे साधन झाले आहे. म्हणून वेस्टनला या प्रवृत्तीचा अत्युच्च बिंदू मानण्याची जी पद्धत रूढ आहे, तिचा पुनर्विचार आवश्यक आहे. तो एका वेगळ्या प्रवृत्तीचा अत्युच्च बिंदू आहे.

७

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. स्वभावोक्तीची कसोटी लावली तर चांगले वनस्पतिशास्त्रीय छायाचित्र आणि कलाकृती यांत फरक काय उरतो? उत्तर असे की, शास्त्रीय चित्रात विशेष हा नमुना असतो; त्याच जातीच्या दुसऱ्या नमुन्याने त्याची जागा घेतली तरी चित्राचे कार्य बिघडत नाही. एकेव्हेरिया किंवा मॅग्नोलिया यांच्या वरील चित्रांत अशी अदलाबदल करता येत नाही. नियम कळल्यावरही ते एक झाड, ते एक फूल शिल्लक राहते. कुंतकाच्या प्रश्नालाही येथेच उत्तर मिळते. शरीर स्वतःला सजवीत नाही, हे खरे; परंतु शरीर पुरते दिसणे ही घटना रोज घडत नाही, आणि ती घडविण्यासाठी रंग, आकारमान, स्थळ व काळ यांचा त्याग करणारा कोणी तरी लागतो. वस्तुनिष्ठतेच्या मताने गमावलेला छायाचित्रकार या त्यागांत सापडतो, आणि रूपवादाने गमावलेली वनस्पती त्या त्यागांनंतर उरते.

रेंगर-पाट्शच्या संग्रहाचा मोठा भाग १९४४ साली एसेन शहरावरील बाँबहल्ल्यात नष्ट झाला. ब्लोसफेल्टच्या शाळेतील वर्ग केव्हाच बंद झाले. ज्या वनस्पतींची ही छायाचित्रे आहेत, त्या तर खुडल्यावर काही दिवसांतच सुकून गेल्या असणार. तरीही भोपळ्याच्या वेलीला फुटलेला ताणा आजही त्याच रीतीने आधार शोधतो, आणि ज्याने ते चित्र एकदा नीट पाहिले आहे त्याला कुंपणावरील ताणा पूर्वीपेक्षा अधिक दिसतो. छायाचित्रातील स्वभावोक्तीची सिद्धी याहून निराळ्या ठिकाणी शोधण्याचे कारण नाही.